धाकट्याशी बोलायचंय

४ सप्टेंबर, गुरुवार

वर्गात नाव नोंदवलं. नोंदवलं म्हणजे काय, फोनवर ‘येतो’ म्हटलं. मागच्या महिन्यातही म्हटलं होतं, त्याच्या मागच्याही. पलीकडची मुलगी आता माझा आवाज ओळखते. ‘काका, या वेळी याच हं!’ लाज वाटली. पण फोन ठेवल्यावर असं हलकं वाटलं, जणू शिकूनच आलो!

खुणांची भाषा शिकायची आहे. पन्नाशी उलटल्यावर. तहान लागल्यावर विहीर खणणारा मी.

धाकटा वर्षाचा असताना तापात त्याचं ऐकू येणं गेलं. मी तेव्हा सहा वर्षांचा. पुढे आम्हा भावांचं सगळं बोलणं आईतून झालं. तो हातांनी आईला सांगायचा, आई तोंडाने मला. मी तोंडाने आईला, आई हातांनी त्याला. इतकं सुरळीत चालायचं की मधे कोणी आहे हे ध्यानातच यायचं नाही. शिकेन कधीतरी, असं मी मिसरूड फुटल्यापासून म्हणतोय. घाई काय होती? आई होती.

जूनमध्ये आई गेली. माणसं माझ्याजवळ यायची, म्हणायची, ‘धाकट्यालाही सांगा, आम्ही आहोत.’ मी मान डोलवायचो. सांगणार कसं? तो माझी बाही ओढून हातांनी काहीतरी विचारत होता. पुन्हा पुन्हा तेच. मला एक अक्षर कळलं नाही. मी त्याच्या पाठीवर थोपटलं. त्याने विचारणं बंद केलं.

६ सप्टेंबर, शनिवार

गेलो!

वर्गात नाही. शाळेपर्यंत.

वर्ग तिसऱ्या मजल्यावर, आणि खाली लिफ्टच्या दाराला पाटी — ‘बंद आहे’. आता जिन्याने गेलो असतो तर काय पाय झिजले असते? पण लिफ्ट दुरुस्ती हाच माझा धंदा; बंद लिफ्ट बघितली आणि हात हत्यारांच्या पिशवीकडे गेला. वॉचमनला वाटलं, कंपनीने पाठवलंय. त्याने मुकाट चाव्या दिल्या. दाराचा विजेचा संपर्क तुटला होता, पंधरा मिनिटांचं काम. मी रुळांना तेल दिलं, बटणं पुसली, वरच्या मशीनच्या खोलीत जाऊन दोर तपासले. न सांगता! फुकट!

लिफ्ट वर पाठवली ती भरून खाली आली. वर्ग सुटला होता. सगळे माझ्याकडे बघून हसले. वर्ग घेणाऱ्या बाई स्वतः बहिऱ्या आहेत. केस पिकलेले, पाठ ताठ. त्यांनी मला हातांनी काहीतरी म्हटलं. आभार असावेत. उत्तर येत नव्हतं. मी पान्हा वर करून दाखवला.

७ सप्टेंबर, रविवार

याला आळस म्हणतात का? आळशी माणूस लोळतो. मी तर घाम गाळला. भीती म्हणावी, तर कशाची? बालवाडीतल्या पोरांना येतात त्या खुणा.

दिवसभर घरात कोणाशी बोललो नाही. गॅसवर दूध उतू गेलं तेव्हा ‘अरे अरे’ म्हटलं, तेवढंच.

९ सप्टेंबर, मंगळवार

धाकट्याचा मेसेज. त्याचं लिहिणं असंच, सुटे शब्द. शाळा लवकर सुटली, वाक्य जोडायला कोणी शिकवलं नाही. ‘घरमालक घर परत. ऑक्टोबर. मित्र बोलावतो. मोठी बेकरी. दूर. जाऊ?’

आई आणि तो राहायचे ते घर सोडावं लागणार तर. धाकटा आत्ता तिथल्याच एका छोट्या बेकरीत कामाला आहे. मित्र कोण, माहीत नाही. दूर म्हणजे खूपच दूर, गाडीने दीड दिवस.

मी लिहिलं, ‘बघू.’

बघू! सख्खा भाऊ विचारतोय, जाऊ का, आणि मी म्हणतो बघू. कळ दाबल्याबरोबर मनात आलं, माझ्याकडे ये म्हणावं. माझी मागची खोली रिकामीच आहे. बायको गेली तेव्हापासून तिथे फक्त केबलची भेंडोळी. पण हे फोनवर सुट्या शब्दांत कसं विचारायचं? त्याने ‘का?’ विचारलं तर? तो सोळा ऑक्टोबरला चार दिवसांसाठी येतोय, आईची भांडी घेऊन. तेव्हा समोर बसून, त्याच्या भाषेत विचारायचं. ठरलं.

१३ सप्टेंबर, शनिवार

आज आत गेलो. लिफ्ट व्यवस्थित चालू होती. नाइलाज झाला.

आम्ही सातआठ जण. एक नर्स आहे, एक बँकेतला, आणि एक तरुण आई. तिची छोटी दोन वर्षांची आहे, जन्मतःच ऐकू येत नाही. बाई बोलत नाहीत. हात चालतात, नाही कळलं तर फळ्यावर लिहितात. तासभर खोलीत आवाज म्हणजे फक्त पंख्याचा आणि आमच्या खुर्च्यांचा.

बाईंनी प्रत्येकाला नावाची खूण दिली. बहिऱ्या माणसांत अक्षरं जुळवून नाव घेत नाहीत, माणसाचं काहीतरी बघून खूण ठरवतात. माझं नाव एक मूठ, वर-खाली. लिफ्ट! सगळे हसले. मीही.

मग फजिती. माझ्या उजव्या हाताचं दुसरं बोट कप्पीत सापडलं होतं, तेव्हापासून ते वाकत नाही. निम्म्या खुणांत नको तिथे ताठ उभं राहतं. बाईंनी फळ्यावर लिहिलं, ‘तुमचे हात बोबडे बोलतात.’ खाली लिहिलं, ‘बोबडंही कळतं.’

१५ सप्टेंबर, सोमवार

सरावाला आरसा हवा. मोठा आरसा आणला. टांगायला ड्रिल हवं. ड्रिल ग्रीसकडे. (ग्रीस म्हणजे माझा कामावरचा जोडीदार. सदऱ्याचा मूळ रंग कोणी पाहिलेला नाही.) ग्रीस म्हणाला, ‘उद्या देतो.’ आरसा भिंतीला टेकवून ठेवलाय. त्यात माझे गुडघे दिसतात.

नमनालाच घडाभर तेल.

१८ सप्टेंबर, गुरुवार

ड्रिल मिळालं. भिंतीत मारायच्या खुंट्या नाहीत.

२० सप्टेंबर, शनिवार

वर्ग बुडवला. साडेपाचला तक्रार आली, दवाखान्याची लिफ्ट अडकली. ग्रीस म्हणाला, ‘तू जा तुझ्या शाळेला, मी बघतो.’ मीच म्हटलं, ‘नको, मी जातो.’ ग्रीसने माझ्याकडे बघितलं. ‘लेका, तुला लिफ्ट आवडते की शाळा नकोशी होते?’

खरं सांगायचं तर समोरच्या माणसाला मी चांगला दिसतो ते पान्हा हातात असतानाच. वर्गात मी ढ आहे. पण ढ दिसायची भीती धाकट्याहून मोठी? लिहिलं आणि स्वतःचाच राग आला.

२७ सप्टेंबर, शनिवार

गेलो. छोटीची आई शेजारी बसली. ‘काका, मागच्या वेळी आला नाहीत?’ काम होतं म्हटलं. ‘घरी करता का काही?’ आरसा आणलाय म्हटलं. ती खो खो हसली. राग यायला हवा होता, नाही आला.

ती म्हणाली, ‘मीसुद्धा आधी मोठं वेळापत्रक केलं होतं. सकाळी अर्धा तास, संध्याकाळी अर्धा तास. एक दिवस चाललं! आता छोटीला दूध देताना एकच खूण. रोज तीच, पाठ होईपर्यंत. आपल्याला कंटाळा येवो नाहीतर न येवो, दूध तर द्यावंच लागतं ना!’

माझ्याकडे रोज द्यावंच लागेल असं कोण आहे?

२९ सप्टेंबर, सोमवार

लिफ्ट आहे की!

दुरुस्ती झाली की प्रत्येक लिफ्ट खालून वर, वरून खाली चालवून बघावीच लागते. आत आरसा असतोच. आज ठरवलं, दार मिटलं की एक खूण. वर जाईपर्यंत तीच. ‘भाऊ.’ चार इमारती झाल्या. संध्याकाळी भांडी घासताना हात आपोआप ‘भाऊ’ करायला लागला. साबणाचा फेस नाकाला!

आरसा परत करून आलो. दुकानदाराने कारण विचारलं. म्हटलं, गुडघे बघून कंटाळलो.

१ ऑक्टोबर, बुधवार

‘घर.’ ‘माझं.’ ‘ये.’

नव्या इमारतीचा वॉचमन जवळ आला, आवाज खाली घेऊन म्हणाला, ‘काका, एक विचारू? लिफ्टमध्ये तुम्ही कोणाशी भांडता?’ कॅमेरा! मेला दोन दिवस पडद्यावर बघत होता. त्याला सांगितलं, भावाशी बोलायची तालीम चाललीय. त्याला काय वाटलं कोण जाणे. म्हणाला, ‘मिटवून टाका काका. भावाभावांत काय ठेवायचं.’

४ ऑक्टोबर, शनिवार

आज बाईंना आमच्या घरातल्या खुणा दाखवल्या. लहानपणापासून बघितलेल्या, तेवढ्या आठवतात. कानाच्या पाळीला चिमटा म्हणजे आजी. गालावर मूठ घासली की पाऊस. मनगटावर दोन बोटं आपटली की... ते आठवेना. घड्याळ? उशीर? आई आणि धाकटा ही खूण सारखी करायचे.

बाई लक्ष देऊन बघत होत्या. मग फळ्यावर लिहिलं — ‘हे माझ्या भाषेत नाही. हे तुमच्या घरचं. आईने आणि मुलाने मिळून केलेलं.’

वर्गात शिकतोय ते धाकट्याला येतं, शाळेत आणि मित्रांत तो तेच बोलतो. पण आईशी तो जे बोलायचा ते जगात दोघांनाच येत होतं. आता एकालाच येतं. आईशी बोलता बोलता झोपी जाणारा माणूस जूनपासून कोणाशी बोलत असेल?

मला वाटायचं, एकटा मीच आहे.

५ ऑक्टोबर, रविवार

व्हिडिओ कॉल केला. आयुष्यात पहिल्यांदा. त्याला वाटलं असणार चुकून लागला, कारण फोन बेकरीच्या टेबलावर उताणा होता, मला छत दिसत होतं. मग त्याचा चेहरा. कपाळावर पीठ.

मी हात वर केले. ‘भाऊ. कसा. तू?’ बोट ताठ! पुन्हा केलं.

तो बघतच राहिला. मग हसला, तोंडभर. शेजारच्या कोणाला ओढून फोनसमोर आणलं, माझ्याकडे बोट केलं, आणि मनगटावर दोन बोटं आपटली. आणि मग सुरू झाला! हात असे चालले की मला बोटं मोजता येईनात. एकही खूण ओळखू आली नाही. एकही! तो थांबला, माझ्या उत्तराची वाट बघत.

मी फोन हलवला, रेंज गेल्यासारखा, आणि बंद केला.

रेंज उत्तम होती.

६ ऑक्टोबर, सोमवार

त्याचा मेसेज. एकच शब्द. ‘शेवटी.’

टोमणाच हा. दिवसभर बोचत राहिला. बरोबरच आहे त्याचं.

तरी तीन इमारती, तीन खुणा.

८ ऑक्टोबर, बुधवार

मिशी काढली.

९ ऑक्टोबर, गुरुवार

कारण लिहायचं राहिलं. धाकट्याला ओठांवरून थोडं कळतं, पण माझे ओठ पंचवीस वर्षं झाकलेले. हे बाईंनी ध्यानात आणून दिलं. इतकी वर्षं समोर बसून मी काय बोलतो हे त्याला मिशीतून हुडकावं लागत होतं.

ग्रीसने मला ओळखलंच नाही. मग म्हणाला, ‘वाईट झालं. तोंड उघडं पडलं.’ दिवसभर तोंडावर हात जात होता.

११ ऑक्टोबर, शनिवार

वर्ग सुटल्यावर बाईंनी थांबवलं. मी त्यांना माझा प्रश्न करून दाखवला — ‘माझं घर. तू, मी, एकत्र. येतोस?’ त्यांनी मनगट जरा वळवून दिलं. भुवया उंचवायला सांगितल्या. भुवया उंचावल्या नाहीत तर तो प्रश्न होत नाही, हुकूम होतो म्हणे.

मग फळ्यावर लिहिलं, ‘त्याला एकटं वाटतं म्हणून बोलावताय, की तुम्हाला?’

‘दोघांना’ अशी खूण केली. त्यांनी फळा पुसला. ‘तो नाही म्हणाला तरी यायचं शनिवारी,’ एवढं लिहून दिवा मालवला.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

आला. दोन पिशव्या. केस कानशिलावर पांढरे झालेत, हे कॉलमध्ये दिसलं नव्हतं. आईचा तवा वर्तमानपत्रात गुंडाळून आणलाय.

मला बघून आधी ओठांवर बोट फिरवलं, मिशी कुठे? मी कात्री केली. तो पोट धरून हसला.

मागची खोली झाडून ठेवलीय. केबल ग्रीसकडे टाकल्या. तो खोलीत उभा राहिला, भिंतीवर हात फिरवला, खिडकी उघडून बघितली. मला वाटलं आत्ता विचारावं. उद्या विचारू म्हटलं.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

विचारलं. सकाळी, चहा संपायच्या आत. नाहीतर मी बेसिनचा नळ दुरुस्त करायला घेतला असता.

‘माझं घर. तू, मी, एकत्र. येतोस?’ भुवया वर.

त्याने कप खाली ठेवला. हळूहळू, मला झेपेल असं सांगितलं. काही लिहून, काही हातांनी. तिकडे त्याच्यासारखेच सातजण बेकरीत आहेत. मालकही बहिरा. दुपारी सगळे एकत्र जेवतात, आणि जेवताना — इथे त्याने दोन्ही हात भरभर नाचवले. गप्पा! सगळे एकदम बोलतात, कोणी कोणाचं ऐकत नाही! मग माझ्याकडे बघून हात मांडीवर ठेवले आणि मान हलवून नाही म्हटलं.

‘नाही’ मला लगेच कळलं.

वाईट वाटलं. खूप. पण हेही खरं, की आज पहिल्यांदा त्याने मला नाही म्हटलं आणि ते मी त्याच्याकडूनच ऐकलं.

दुपारी त्याला विचारलं, जूनमध्ये बाही ओढून काय विचारत होतास? आधी आठवेना. मग म्हणाला, ‘जेवलास का?’

आणि मनगटावरची दोन बोटं म्हणजे मी. माझं घरातलं नाव. त्यांच्याकडे आलो की सारखं घड्याळ बघायचो, म्हणून. मी घड्याळ काढून खिशात घातलं. तो म्हणाला, घाल रे, नाव बदलायचं नाही आता.

१८ ऑक्टोबर, शनिवार

त्याला वर्गाला घेऊन गेलो. बाई आणि तो पाच मिनिटांत असे रंगले, की काय विचारता! तो नकला करतो हे मला माहीत नव्हतं. घरमालकाची नक्कल केली, बाई डोळे पुसत हसत होत्या. छोटीची आईसुद्धा अर्धं समजून हसली. सगळी खोली हसत होती आणि मी मधे बसून एकेकाच्या तोंडाकडे बघत होतो.

आमच्या घरी जेवणं व्हायची, मी आणि आई बोलायचो, हसायचो. तो असाच बघत बसायचा.

मग त्याच्या लक्षात आलं. वळला, आणि सगळी नक्कल पहिल्यापासून माझ्यासाठी हळू केली. तोपर्यंत कोणाला हसू राहिलं नव्हतं. मी एकटाच हसलो, मोठ्याने.

१९ ऑक्टोबर, रविवार

गाडी सुटायला वेळ होता. बाकावर बसलो होतो. त्याने माझ्या खांद्यावर टिचकी मारली, आणि एकेक खूण सुटी करून म्हणाला — आई सांगायची, दादा शिकतोय. मी शाळेत होतो तेव्हापासून सांगायची. गुपचूप शिकतोय, लाजतो, तू विचारू नकोस, नीट यायला लागलं की आपणहून बोलेल. म्हणून मी कधी विचारलं नाही. वाट बघत होतो.

मग माझे दोन्ही हात हातात घेतले, जरा वेळाने सोडले, आणि विचारलं — इतकी वर्षं शिकतोयस! फार कठीण जातं का रे तुला?

हो, म्हटलं. फार कठीण जातं.